काटेबाई आणि तीन थर्मामीटर

लेकीने थर्मामीटर जिभेखाली धरला की आई हातातलं काम टाकून तिच्या तोंडाकडे बघत बसे. ताप निघेल ही भीती होतीच, पण तेवढी कुठल्याही आईला असते. या आईची भीती त्याच्या पुढची होती. ताप निघाला, तर लेक तो वजा करील.

दुसऱ्या कोणाच्या मुलीच्या डोक्यात असलं काही येणार नाही. ताप म्हणजे ताप, तो काय हातचा एक आहे, इकडून तिकडे न्यायला? पण ही लेक वजनं-मापं तपासणारी निरीक्षक होती. गेली एकवीस वर्षं ती दुकानोदुकानी फिरून तराजू, लिटरची मापं, कापडवाल्यांच्या मीटरपट्ट्या आणि पेट्रोल पंप तपासत आली होती. समोर दिसणाऱ्या आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही, याचाच तिला पगार मिळत होता. आणि स्तनातली गाठ काढल्यावर केमोचे सहा डोस सुरू झाले, तेव्हापासून तिचं कार्यालय घरातच भरत होतं.

बाजारात तिला सगळे काटेबाई म्हणत. तिच्या स्कूटरचा आवाज कोपऱ्यावर आला की मासेवाली पारड्यावरचा अंगठा काढून घेई, सोनार पंखा बंद करी, आणि भाजीवाला उगीचच हसायला लागे. तिच्या खांद्याला एक लाकडी पेटी असे. आत मखमलीच्या खळग्यांत पितळी वजनं, मुठीएवढ्यापासून वाटाण्याएवढ्यापर्यंत. त्यांना उघड्या बोटाने शिवायचं नाही, बोटाचं तेल लागून वजन बदलतं. तान्ह्या बाळाला उचलावं तसं ती एकेक वजन फडक्यात धरून पारड्यात निजवी. चूक सापडली तरी कधी ओरडत नसे. चष्मा कपाळावर सरकवून नुसतं विचारी, "काटा खोटं बोलत नाही, तुम्हीही बोलत नाही. मग तुम्ही दोघं एकत्र आलात की असं कसं हो होतं?"

तिचं लग्नसुद्धा वजनातूनच जमलं. एका शाळेचे खेळाचे शिक्षक तिच्या कार्यालयात गोळाफेकीचा लोखंडी गोळा घेऊन आले. आपली मुलं एवढा लांब गोळा कशी फेकतात, याची त्यांना शंका येत होती. तिने गोळा तोलला. तो साडेतीनशे ग्रॅम हलका निघाला. शाळेचे नऊ वर्षांचे विक्रम त्याच दिवशी बाद झाले आणि सर प्रेमात पडले. तेच पुढे जावई झाले, पण सासूसकट सगळे त्यांना सरच म्हणत. गळ्यातली शिट्टी ते घरीही काढत नसत.

गाठ लेकीला स्वतःलाच हाताला लागली. त्यानंतरच्या तपासण्या, रांगा, ऑपरेशन हे सगळं इतक्या भराभर झालं की आईला त्या दिवसांतलं फक्त दवाखान्याच्या लिफ्टचं दार आठवे. डावा स्तन काढावा लागला. दहा दिवसांनी डॉक्टरांनी रिपोर्ट वाचून दाखवला. काढलेल्या भागाचं वजन चारशे दहा ग्रॅम, गाठ इतकी इतकी, कडा स्वच्छ, म्हणजे काठाला रोग उरलेला नाही. 'कडा स्वच्छ' हे दोन शब्द ऐकून आई रडायच्या अगदी बेतात आली होती. तेवढ्यात लेक म्हणाली, "चारशे दहा? तुमच्या लॅबचा काटा शेवटचा कधी तपासला होता?"

डॉक्टरांनी रिपोर्ट उलटून मागची बाजू बघितली. तिथे काही नव्हतं.

"त्या आकड्याचं तुम्हाला काही काम आहे का?" त्यांनी विचारलं.

"आहे ना. एक पारडं हलकं झालंय. त्या बाजूला तेवढंच भरायला नको? नाहीतर चालताना मी कलेन."

जखम भरेपर्यंत आतल्या कपड्यात कापसाची मऊ उशीच घालायची, असं सिस्टरने बजावलं. लेकीने ती उशी घरी तोलली. अकरा ग्रॅम. त्यावर घरात आठवडाभर नाराजी होती.

"गाठ तर काढली, मग आता केमो कशाला?" हे आईने डॉक्टरांना तीनदा विचारलं. एखादी पेशी नजरेआड कुठे निसटली असेल, तिला गाठायचं आणि दुखणं उलटण्याची शक्यता कमी करायची, असं डॉक्टरांनी तीनदा सांगितलं. आईने तीनदा मान हलवली. घरी येताना गाडीत लेकीने ते तिला तिच्या पद्धतीने समजावलं.

"हे बघ आई, दुकानाला सील ठोकलंय. पण आतली दोन माणसं खोटी वजनं खिशात घालून मागच्या दाराने पळाली असतील, तर? त्यांना गल्लीबोळांत शिरून पकडायचं. सहा वेळा छापा."

"आणि मधे तीन-तीन आठवडे का सोडायचे?" सरांनी विचारलं.

"छाप्यात आपलीही माणसं चेंगरतात ना. त्यांना दम खायला वेळ नको?"

हे मात्र आईच्या डोक्यात पक्कं बसलं. पुढे शेजारच्या काकूंना समजावताना तिने मागच्या दाराचं इतकं वर्णन केलं की काकूंनी आपल्या दाराला नवीन कडी लावून घेतली.

पहिल्या डोसानंतर सतराव्या दिवशी केस जायला लागले. आईने आदल्या रात्रीपासून धीराची चार वाक्यं पाठ करून ठेवली होती. लेक न्हाणीतून बाहेर आली ती केसांचा पुंजका आणि स्वयंपाकघरातला काटा घेऊन. राहिलेले केस सरांनी मशीनने उतरवले आणि तेही काट्यावर गेले.

"शहाण्णव ग्रॅम," ती थक्क होऊन म्हणाली. "आई, एवढ्याशा वजनापायी तू मला दर रविवारी तेल चोपडायचीस?"

आईची चारही वाक्यं वाया गेली.

पण आईला खरा घोर लागला तो केमोच्या वॉर्डातल्या काट्यामुळे. केमोचं औषध माणसाच्या उंची-वजनावरून ठरतं, म्हणून प्रत्येक डोसाआधी तिथे सगळ्यांना काट्यावर उभं करत. दुसऱ्या डोसाच्या दिवशी लेक त्या काट्यावर चढली, उतरली, पुन्हा चढली. मग गुडघ्यावर बसून तिने काट्याखाली डोकं घातलं. वॉर्डात सात खुर्च्या, सात बायका, सात सलाईनच्या बाटल्या, आणि मध्ये जमिनीवर एक टक्कल.

"अहो ताई, काय सांडलं का?" सिस्टर धावत आली.

"एका पायाखाली पुठ्ठा आहे," जमिनीवरून आवाज आला.

"तो मीच ठेवलाय. काटा डुगडुगत होता."

"डुगडुगणारा काटा निदान संशय तरी येऊ देतो. हा आता शांतपणे खोटं बोलतोय."

आईला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. ज्या सिस्टरच्या हातात आपल्या लेकीची शीर आहे, तिच्याशी का वाद घालावा? पण लेक ऐकते कसली. तिने सरांना गाडीतून पेटी आणायला पाठवलं. वजनं काट्यावर रांगेने बसली आणि काटा पावणेदोन किलो जास्त दाखवतो हे सगळ्या वॉर्डासमोर सिद्ध झालं. वरच्या मजल्यावरून केमोचं औषध मोजून देणारे गृहस्थ आले. एवढ्याशाने डोसात काही बिघडत नाही, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं, पण दुपारी नवीन काटा आणून ठेवला.

बायकांना आनंद वेगळाच झाला. बसल्या जागी प्रत्येकीचं वजन पावणेदोन किलोने उतरलं होतं. खिडकीजवळच्या शिंपीणबाई तर हाताला सलाईन असताना अर्ध्या उठल्या. "चार महिने मी माझ्या नवऱ्याची बोलणी खातेय, वाढलीस वाढलीस म्हणून! आहे का तो बाहेर? बोलवा त्याला!"

त्या दिवसापासून वॉर्डात लेकीचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द झाला. सिस्टरही फुरंगटली नाही, उलट तिला "इन्स्पेक्टर" म्हणू लागली. आणि आईच्या लक्षात आलं की आता आपली पंचाईत आहे. कारण आधी नुसतीच हट्टी असलेली लेक आता हट्टी आणि बरोबर अशी दोन्ही होती.

सिस्टरने एक पिवळं कार्ड दिलं होतं. केमोनंतर आठवड्याभराने रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात, तेव्हा साधा संसर्गही जिवावर बेतू शकतो. म्हणून ताप शंभर पॉइंट चार किंवा त्याहून वर गेला, किंवा हुडहुडी भरली, तर दिवस असो रात्र असो, ताबडतोब वॉर्डाला फोन. मनाने गोळी घेऊन ताप उतरवायचा नाही. उद्या बघू म्हणायचं नाही. आईला ते कार्ड छापखान्याच्या नावासकट पाठ होतं.

दुसऱ्या डोसानंतर नवव्या दिवशी थर्मामीटरने एकशे एक दाखवलं होतं. आईने फोन केला, सरांनी चप्पल उलटसुलट घालून गाडी काढली, वॉर्डाने लगेच आत घेतलं. रक्त तपासलं, छातीचा फोटो काढला, दिवसभर ठेवून घेतलं. ताप अठ्ठ्याण्णव पॉइंट चार. शेवटी डॉक्टरांनी विचारलं, थर्मामीटर लावण्याआधी काही गरम घेतलं होतं का? घेतलं होतं. वाफाळता चहा, दोन कप. आईनेच दिला होता.

"काही हरकत नाही काकू," सिस्टर म्हणाली होती. "शंभर वेळा उगीच आलात तरी चालेल."

पण लेकीला ते चाललं नाही. तिच्या घरात, तिच्या नाकासमोर, मोजमापात चूक व्हावी! दुसऱ्या दिवशी तिने घरातले तिन्ही थर्मामीटर गोळा केले. एक जुना काचेचा, एक आईने आणलेला आकडे दाखवणारा, आणि एक सरांच्या शाळेतला, लांबून कपाळावर रोखायचा. कार्यालयातून तिने प्रमाणित थर्मामीटर मागवला, पातेल्यात कोमट पाणी घेतलं आणि दोन दिवस स्वयंपाकघर बंद ठेवलं. सर दर पाच मिनिटांनी शिट्टी वाजवत, ती आकडा लिही. कपाळावरच्या थर्मामीटरला पाण्यात घालता येईना, म्हणून तो सरांवर आणि मग फ्रिजवर रोखून पाहिला. त्याने दोघांना जवळजवळ सारखाच ताप दाखवला. त्याच्यावर लाल चिठ्ठी लागली: बाद.

बाकीच्या दोघांची सारणी फ्रिजवर चिकटली. काचेचा, वजा पॉइंट दोन. आकड्यांचा, वजा पॉइंट चार. आणि आईकडून वचन घेतलं गेलं, की सारणी लावल्याशिवाय वॉर्डाला फोन करायचा नाही. चहाच्या कपांचा गुन्हा डोक्यावर असलेल्या आईने ते मुकाट्याने दिलं. तेव्हापासून तिच्या जिवाला जो घोर लागला तो लागलाच.

तिसऱ्या डोसानंतर दहावा दिवस. दुपारचे चार. बाहेर ऊन रणरणत होतं. आई भाजी निवडत होती. सर पाण्याचा पेला घेऊन आले, कारण दर तासाला पेला आणि शिट्टी हा नियम होता. सोफ्यावरून लेक म्हणाली, "अरे, तो पंखा बंद कर ना जरा."

आईच्या हातातली भाजी तशीच राहिली.

"थंडी वाजतेय?"

"वारा लागतोय."

"म्हणजे थंडीच ना?"

"वारा वेगळा, थंडी वेगळी. आई, शब्द तोलून वापर."

सरांनी पंखा बंद केला. तरीही लेकीने पांघरूण ओढलं, मग त्यावर सरांचा शाळेचा कोट ओढला. सरांच्या तोंडातली शिट्टी गळून छातीवर लोंबली. ते तिन्ही थर्मामीटर घेऊन आले.

कपाळावरच्याने एकशे एक पॉइंट पाच दाखवलं.

"तो बाद आहे," लेक म्हणाली. "मघाशी काही गरम घेतलं नाहीये, लिहा. काचेचा द्या."

काचेचा शंभर पॉइंट पाच. आकड्यांचा शंभर पॉइंट सात. लेकीने फ्रिजवरची सारणी आणवली, पेन्सिल घेतली, आणि तिचा चेहरा उजळला.

"यातून पॉइंट दोन गेले, शंभर पॉइंट तीन. त्यातून पॉइंट चार गेले, शंभर पॉइंट तीन! दोन्ही जुळले! बघितलंत? याला म्हणतात सारणी!"

"आणि हद्द किती?" सरांनी विचारलं, खरं म्हणजे त्यांनाही ती पाठ होती.

"शंभर पॉइंट चार. आत आहोत. पास."

"पॉइंट एकने?" आई म्हणाली.

"पॉइंट एकने पास म्हणजे पासच. मी बाजारात एका ग्रॅमने पास झालेल्याला अडवते का?"

"तू बाजारात काकडी तोलतेस. ही तू आहेस."

"आई, वचन काय ठरलंय?"

आई उठली आणि पिवळं कार्ड घेऊन सोफ्यासमोर बसली. आयुष्यात तिने या मुलीला हिशेबात कधी हरवलं नव्हतं. दुसरीत असताना दूधवाल्याच्या मापातली खोट हिनेच दाखवून दिली होती. पण आज कुठूनसा आवाज आला, तो आईचाच होता.

"मला एक सांग. हा शंभर पॉइंट चारचा आकडा सिस्टरने कोणासाठी लिहिलाय?"

"पेशंटसाठी."

"सगळ्या पेशंटसाठी. शिंपीणबाईंसाठी. त्यांच्या घरी औषधाच्या दुकानातला थर्मामीटर असेल, आणि फ्रिजवर असला कागद नसेल. त्या जे दिसेल ते सांगणार. मग हा आकडा वजा करून धरायचा की न करता, हे तू सिस्टरला विचारलंस?"

लेकीने पेन्सिल खाली ठेवली. दुसऱ्याचं माप कुठल्या नियमाचं आहे हे न विचारता तिने आजवर एकाही दुकानात पाऊल टाकलं नव्हतं.

"विचारेन," ती शेवटी म्हणाली. "पुढच्या वेळी गेले की."

"आणि थंडीला कुठली सारणी लावणार आहेस?"

"मला थंडी वाजत नाहीये म्हणून सांगितलं ना."

पंखा बंद होता. खिडकीही बंद होती. तरी लेकीच्या हातातला कागद फडफडत होता.

"हे काय मग?" आईने विचारलं.

"हसतेय मी. तुझ्या तोंडाकडे बघून."

"तोंड मिटून हसतेस? दात वाजवत?"

"आई, गेलं की ठेवून घेतील गं," लेकीचा आवाज एकदम खाली आला. "चौथा डोस पुढे जाईल, मग पाचवा, मग सहावा. मी सगळ्या तारखा शाईने लिहून ठेवल्यात. उलट्या सोसल्या, टक्कल सोसलं, पाण्याची चव लोखंडासारखी झाली तेही सोसलं. कारण शेवटची तारीख ठरलेली होती. ती हलली ना, तर मला धरायला काही उरत नाही बघ."

सरांनी तिच्या पायावर हात ठेवला आणि लगेच उचलला. पाय तव्यासारखा तापला होता. काहीतरी बोलायचं म्हणून ते म्हणाले, "खेळात पण पावसाने सामना पुढे जातोच की."

"तू गप रे," लेक म्हणाली, पण तिने त्यांचा हात पुन्हा ओढून घेतला.

आईच्या मनात आलं, की समजा उगीचच ठरलं. समजा तिथे पोचेपर्यंत पुन्हा अठ्ठ्याण्णव पॉइंट चार झालं. मग ही चार दिवस आपल्याशी बोलणार नाही, वॉर्डभर चहावाल्या काकू म्हणून आपली ओळख होईल, आणि आपला शब्द या घरात पासंगालाही पुरणार नाही. तसंही आता कुठे पुरतोय? आणि समजा उगीच नसलं, तर? यापुढचं समजा तिच्याने करवेना.

तिने लेकीच्या मांडीवरून फोन उचलला.

"वचन दिलंयस तू!"

"दिलंय. मोडतेय. तुझ्यासमोर मोडतेय, मग कितीही बोल मला."

"निदान शंभर पॉइंट तीन तरी सांग! माझी सारणी—"

"तिन्ही थर्मामीटरचे आकडे दिसले तसे सांगणार आहे. बाद झालेल्याचासुद्धा. आणि कागद हलतोय तेही सांगणार आहे. वजाबाकी ज्याची त्याने करावी."

लेकीने डोळे मिटून मान मागे टेकली. नाही म्हणाली नाही. कोटाच्या आतून फक्त दात वाजत राहिले.

"सर, चप्पल नीट घाला आणि गाडी दारात आणा," आई म्हणाली, आणि कार्ड डोळ्यांपुढे धरून तिने वॉर्डाचा नंबर लावायला घेतला.